समुद्रातलं ते 'फूल' फूल नाहीच ओ

आमच्या सोलापूरच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच फोटो फिरतोय, "खोल समुद्रात उमलणारं दुर्मिळ फूल", खाली काकूंनी हात जोडलेत. अहो ते सी अ‍ॅनिमोन, प्राणी आहे, प्रवाळ आणि जेलीफिशचा भाऊबंद. १९५१ ला डेन्मार्कच्या गॅलाथिया या संशोधन जहाजाने फिलिपाईन्सजवळच्या समुद्रातल्या खाईतून, १० हजार मीटरच्या खालून असले प्राणी वर काढले, तिथं मिट्ट काळोख, उन्हाशिवाय झाड कसं जगंल सांगा की! पाकळ्या वाटतात त्या तोंडाभोवतीच्या सोंडा, त्यात डंखाच्या पेशी. अंग म्हणजे आजीचा बटवा, हाड नाही मेंदू नाही, आत उभे पडदे, आणि तोंड एकच, खायचं तिथूनच अन् घाण टाकायची पण तिथूनच (हे काकूंना अजून सांगितलं नाही).