डेंग्यू, पपईची पानं आणि ग्रंथपाल

पावसाळ्यात गोव्यात डेंग्यूचे रुग्ण दिसू लागले की पपईच्या पानांच्या रसाचे व्हॉट्सॲप संदेशही फिरू लागतात. "प्लेटलेट्स एका रात्रीत वाढतात!" घरात कोणी गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, एमबीबीएस करत असेल, तर खरं-खोटं त्यालाच विचारलं जातं. तो गुगल करतो आणि तोच संदेश पुन्हा वाचतो.

इथे ग्रंथपालाचं काम सुरू होतं. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकावर शिक्का मारणारा, हा समज निदान वैद्यकात तरी जुना झाला. अमेरिकेत कॅन्सस सिटीला १९७१ मध्येच गर्ट्रूड लॅम्ब यांनी ग्रंथपालांना डॉक्टरांबरोबर वॉर्डात नेलं.

ग्रंथपाल आधी प्रश्न घासूनपुसून घ्यायला लावतो. रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, परिणाम कोणता? यातली तुलना महत्त्वाची. डेंग्यूत ताप उतरल्यावर काही दिवसांत प्लेटलेट्स बहुधा आपोआप वाढतात. मग रस न घेतलेल्यांचा गट शेजारी नसेल, तर श्रेय पपईला कशाच्या जोरावर द्यायचं? शिवाय आकडा वाढला म्हणजे रक्तस्राव टळला, असंही नाही.

आता माझा आवडता भाग. पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत तीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. त्यांतल्या बहुतेकांना 'मेश' या १९६० पासूनच्या शब्दसूचीतले ठरावीक विषय-मथळे जोडलेले असतात. लेखक 'ब्रेकबोन फीव्हर' लिहो वा 'डेंग्यू', मथळा 'डेंग्यू' हाच. मथळे झाडासारखे रचलेले आहेत. 'डेंग्यू' शोधलं की त्याखालची 'सिव्हिअर डेंग्यू' ही फांदीही आपोआप येते. पपईचा मथळा 'कॅरिका'. दोन्हींमध्ये 'अँड' घातला की दोन्ही मथळे असलेले लेखच उरतात, 'ऑर' घातला तर दोन्हींचा ढीग. 'नॉट' मात्र घातकी. मोठ्या माणसांवरचेच अभ्यास हवेत म्हणून 'नॉट चाइल्ड' लिहिलं, तर मुलं आणि मोठी माणसं दोघांवर केलेला अभ्यासही गळतो. पडद्यावर त्याची काही खूण दिसत नाही.

हे सगळं चॅटबॉटला विचारलं की झालं, असं सांगणारे भेटतात. चॅटबॉट कधीकधी लेखक, नियतकालिक, वर्ष यांसकट अस्तित्वातच नसलेला संदर्भ देतो. तो शोधनिबंध पबमेडमध्ये शीर्षकावरून शोधायला मिनिटही लागत नाही, आणि ग्रंथपालाच्या वर्गात ही सवय पहिल्याच दिवशी लावायला हवी.