मेनिस्कस-सांधणी

गुडघ्यातील फाटलेली अर्धचंद्र कूर्चा (मेनिस्कस) काढून न टाकता टाक्यांनी जोडण्याची शस्त्रक्रिया. ऊर्वस्थी (मांडीचे हाड) आणि अंतर्जंघास्थी (नडगीचे हाड) यांच्यामध्ये आतल्या व बाहेरच्या बाजूस अशा दोन कूर्चा असतात. त्या भार वाटून घेतात. बोलीत त्यांना ‘गादी’ म्हणतात. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत सांधेकूर्चा मात्र वेगळी. ‘गादी झिजली’ हा शब्दप्रयोग दोहोंसाठी होत असल्याने घोटाळा संभवतो. गोव्यात गुडघ्याला दिंबी म्हणतात.

पहिली सांधणी एडिंबरोचे शल्यविशारद टॉमस अॅनंडेल यांनी 1883 मध्ये केली, असे बहुतेक ग्रंथकार मानतात. काही जण वृत्तांत छापला गेला ते 1885 हे वर्ष देतात. शस्त्रक्रियेचेच वर्ष धरणे अधिक योग्य. रुग्ण खाणकामगार होता आणि त्याची आतली कूर्चा पुढच्या बाजूस सुटली होती. ती मूळ जागी आणून टाक्यांनी बसवण्यात आली. त्यामुळे हिला आजच्या अर्थाने सांधणी म्हणावे की पुनःस्थापन, हा प्रश्न उरतो. पुढे 1897 मध्ये ब्लंड-सटन यांनी कूर्चेला स्नायूचा निरुपयोगी अवशेष ठरवले आणि ती सरसकट काढून टाकण्याची रीत पडली. कूर्चा काढलेल्या गुडघ्यांत क्ष-किरण चित्रावर दिसणारे बदल फेअरबँक यांनी 1948 मध्ये नोंदवले, तरी ही रीत मोडायला आणखी काही दशके लागली. दुर्बिणीद्वारे पहिली सांधणी 1969 मध्ये टोकियोत हिरोशी इकेउची यांनी केल्याचे मानतात.

टाके टिकणे रक्तपुरवठ्यावर अवलंबून असते. कडेची फाट भरून येऊ शकते, हे डॉन किंग यांनी 1936 मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले. आर्नॉक्झी व वॉरेन यांच्या 1982 मधील अभ्यासानुसार रक्तवाहिन्या आतल्या कूर्चेच्या बाहेरील 10 ते 30 टक्के आणि बाहेरच्या कूर्चेच्या 10 ते 25 टक्के रुंदीपर्यंतच पोहोचतात. म्हणून कडेची, उभी, ताजी फाट चांगली जुळते. आतल्या कडेची क्वचितच.

किमान 5 वर्षे पाठपुरावा झालेल्या अभ्यासांच्या 2012 मधील एकत्रित विश्लेषणात अपयशाचे प्रमाण सुमारे 23 टक्के आढळले. तंत्र बदलल्याने त्यात फारसा फरक पडला नाही. हा आकडा जपून वाचावा लागतो. कोणी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागणे म्हणजे अपयश मानतात, कोणी सूज आणि दुखरी सांधेरेषा पाहतात, तर कोणी पुन्हा दुर्बीण घालून फाट तपासतात. अर्धवट भरलेल्या कूर्चेचे पुष्कळ रुग्ण तक्रार करत नाहीत, म्हणून पहिल्या निकषाने यश अधिक दिसते. पुढच्या क्रूसबंधाची (गुडघ्यात एकमेकांना छेदणाऱ्या दोन अस्थिबंधांपैकी पुढच्याची) पुनर्रचना सोबत केल्यास फलित सहसा चांगले मिळते. उतारवयातील झिजेची फाट निराळी: 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील चाचणीत तशी कूर्चा अंशतः छाटणे हे लटक्या शस्त्रक्रियेपेक्षा (तुलनेसाठी केलेल्या, कूर्चा न छाटणाऱ्या) सरस ठरले नाही.

गोव्यात भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत फुटबॉल रंगतो. पाय रोवलेला असताना अंग वळले की कूर्चा फाटते. सांधणीनंतर काही आठवडे गुडघा 90 अंशांपलीकडे वाकवू देत नाहीत आणि मैदानावर परतायला साधारण 4 ते 6 महिने लागतात. भजनाला तासन्तास मांडी घालून बसणाऱ्याची कसोटी मात्र याहून वेगळी. फलित मोजण्यासाठी प्रचलित असलेल्या लिशोल्म गुणांकनात 100 पैकी 5 गुण उकिडवे बसण्याला आहेत. मांडी घालण्याला एकही नाही.