रेट्रो अक्षरांकन (देवनागरी)

शीर्षके, फलक आणि चित्रओळी (चित्राखालचा मजकूर) यांसाठी जुन्या रंगवलेल्या पाट्यांच्या, नाट्यजाहिरातींच्या किंवा सिनेमाच्या पोस्टरांच्या धाटणीत केलेले शोभिवंत अक्षरलेखन. ठसठशीत अक्षर, भोवती काठ, एका बाजूला खोल सावली आणि मोजके भडक रंग ही त्याची ओळख.

संगणक येण्यापूर्वी हे काम पेंटरच्या ब्रशचे होते. आधी शिरोरेषेची ओळ आखायची, खडूने अक्षरांचा सांगाडा काढायचा आणि मग रंग भरायचा. मराठीत या कलेला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती वर्तमानपत्रांतील नाट्यजाहिरातींनी. अक्षरकार कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकाचा स्वभाव त्याच्या शीर्षकाच्या अक्षरांतच उतरवला, आणि तेही बहुधा काळ्या-पांढऱ्यात. हे वळण शिकू पाहणाऱ्याने सर्वांत आधी त्यांचेच काम पाहावे. मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून ‘यात्रा वन’ हा मुक्त फाँट तयार झाला आहे.

संगणकावर हा परिणाम साधताना रोमन लिपीची कृती जशीच्या तशी वापरली की देवनागरी बिघडते. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. काठ दिला की शिरोरेषेवर प्रत्येक जोडापाशी उभी रेघ उमटते, कारण फाँटमध्ये शेजारची अक्षरे तिथे एकमेकांवर चढलेली असतात. म्हणून मजकुराचे आधी आकारांत (म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषांच्या चित्रांत) रूपांतर करावे, ते आकार एकसंध करावेत आणि त्यानंतरच काठ द्यावा. मात्र शुद्धलेखन त्याआधी तपासलेले असावे. आकार झाल्यावर मजकूर टंकून बदलता येत नाही.

सावलीसाठी त्याच आकाराच्या गडद प्रती किंचित खाली व उजवीकडे सरकवत एकामागे एक ठेवतात. त्या धूसर करीत नाहीत. सावली किती खोल असावी, हे शिरोरेषेवर अवलंबून असते. तिची सावली खालच्या पोकळीत उतरते आणि ‘ष’, ‘ब’, ‘क्ष’ यांची पोटे भरून जातात. दोन ओळींचे शीर्षक असेल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार, अनुस्वार यांची टक्कर होते. जुने पेंटर अशा वेळी उकार आखूड करीत किंवा वेलांटी लांबवून शेजारच्या अक्षरावर छत्रासारखी धरीत. फाँट हे आपणहून करीत नाही, त्यामुळे चांगल्या शीर्षकात थोडे हातकाम उरतेच.

चित्रओळीचे अक्षर बारीक असते. तिथे सावली वगळून फक्त वळण आणि रंग जुना ठेवतात.