स्वित्झर्लंडमधील स्त्री-मताधिकार

स्वित्झर्लंडमधील स्त्रियांना देशपातळीवरील मताधिकार ७ फेब्रुवारी १९७१ च्या सार्वमताने मिळाला. न्यूझीलंडने तो १८९३ मध्ये, फिनलंडने १९०६ मध्ये आणि शेजारच्या जर्मनीने १९१८ मध्ये दिला होता. भारतात १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत स्त्रियांनी पुरुषांच्या बरोबरीने मते टाकली. युरोपातल्या जुन्या लोकशाह्यांपैकी एक असलेल्या या देशाला मात्र त्यानंतरही जवळपास वीस वर्षे लागली. अपेंझेल इनररोडन या छोट्या कँटनमध्ये (घटकराज्यात) तर १९९० उजाडले, आणि तिथे लोकांनी नव्हे, न्यायालयाने हा प्रश्न निकालात काढला.

या विलंबाचे खापर बहुतेक वेळा स्विस माणसाच्या सनातनीपणावर फोडले जाते. ते पूर्णपणे खोटे नाही. पण खरे घोडे अडले ते राज्यव्यवस्थेच्या रचनेत. १८४८ च्या संघराज्य घटनेने मताधिकार पुरुषांना दिला. घटनेत बदल करायचा तर संसदेचा ठराव पुरत नाही, सार्वमत घ्यावेच लागते. त्यात एकूण मतदारांचे बहुमत हवे आणि बहुसंख्य कँटनांचेही हवे. फ्रान्समध्ये १९४४ साली द गॉल यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय मुक्ती समितीने एका अध्यादेशाने काम भागवले. स्वित्झर्लंडमध्ये ती सोयच नव्हती. स्त्रियांना मत द्यायचे की नाही हे मतदारांनी ठरवायचे, आणि मतदार सगळे पुरुष. शिवाय कँटन आणि ग्रामपातळीवरचा मताधिकार हा ज्याच्या-त्याच्या अखत्यारीतला विषय, त्यामुळे एकच लढाई अनेक ठिकाणी नव्याने लढावी लागली.

पहिला गाजलेला कायदेशीर प्रयत्न एमिली केम्पिन-श्पिरी यांचा. कायद्यात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्विस स्त्री. ‘हायडी’ या प्रसिद्ध बालकादंबरीची लेखिका योहाना श्पिरी ही त्यांची काकू. शिक्षण होते, पण वकिली करायला मताधिकारासह पूर्ण नागरिकत्व लागे, आणि ते स्त्रीला नव्हते. त्यांनी संघीय न्यायालयात दाद मागितली: घटनेनुसार सर्व स्विस व्यक्ती कायद्यापुढे समान आहेत, तर त्यात स्त्रिया आल्याच. हा अर्थ जितका नवा तितकाच धाडसी आहे, असा शेरा मारून न्यायालयाने १८८७ मध्ये तो फेटाळला. केम्पिन-श्पिरी न्यूयॉर्कला गेल्या, तिथे त्यांनी स्त्रियांना कायदा शिकवला, मग परतल्या. १९०१ मध्ये बाझेलच्या मनोरुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांचाच युक्तिवाद १०३ वर्षांनी त्याच न्यायालयाने उचलून धरला.

मताधिकारासाठीची राष्ट्रीय संघटना १९०९ मध्ये स्थापन झाली. नोव्हेंबर १९१८ च्या देशव्यापी संपाच्या नऊ मागण्यांत स्त्री-मताधिकाराचा समावेश होता. त्यानंतर लगेच संसदेत तसे प्रस्तावही आले, पण सरकारने ते बासनात गुंडाळून ठेवले. १९१९ ते १९२१ या काळात झुरिक, बाझेल, जिनिव्हा अशा अनेक कँटनांत मतदान झाले आणि सगळीकडे पुरुषांनी नकार दिला. १९२८ मध्ये बर्न येथे स्त्रियांच्या श्रमाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा मिरवणुकीत एक प्रचंड गोगलगाय ओढत नेण्यात आली. स्विस स्त्री-मताधिकाराची ‘प्रगती’ दाखवण्यासाठी. पुढच्याच वर्षी २,४९,२३७ सह्यांचा अर्ज सरकारला सादर झाला, त्यात ७८ हजारांहून अधिक सह्या पुरुषांच्या होत्या. तरीही हे घोंगडे आणखी तीस वर्षे भिजतच राहिले.

विरोधकांचा प्रचार समजून घ्यायचा तर त्यांची भित्तिपत्रके पाहावीत. १९४६ च्या बाझेलमधील एका पत्रकावर बाळाची चोखणी आहे, आणि तिच्यावर एक माशी बसलेली आहे. चित्रात आई दिसत नाही. ती राजकारण करायला गेली, हे पाहणाऱ्याने ओळखायचे. चित्रकाराचे कसब वादातीत, आणि म्हणूनच हे पत्रक जास्त टोचते. विरोध करणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. १९५९ च्या सार्वमताआधी त्यांची स्वतंत्र समिती होती. घरात आपला शब्द चालतोच, मतपेटी कशाला, असे म्हणणाऱ्या सुखवस्तू स्त्रियांचा आवाज पुरुष विरोधकांना फार उपयोगी पडला.

कोंडी फुटायला निमित्त झाले नागरी संरक्षणाचे, म्हणजे युद्धकाळात नागरिकांच्या बचावाच्या कामाचे. या कामात स्त्रियांनाही सामील करून घेण्यासाठी ३ मार्च १९५७ रोजी घटनादुरुस्तीवर मतदान ठेवले गेले. म्हणजे कर्तव्य स्त्रियांवर लादायचे आणि कौल मात्र पुरुषांनी द्यायचा. यावर वाले कँटनमधील उंटरबेख या डोंगराळ गावाने वेगळीच भूमिका घेतली. गावच्या पंचायतीने स्वतःच्या जबाबदारीवर स्त्रियांसाठी मतदान खुले केले. वरून मनाई आली, तरी गाव मागे हटले नाही. स्त्रियांसाठी वेगळी पेटी ठेवली गेली. सरपंचांच्या पत्नी काथारिना त्सेनहॉयझर्न यांनी पहिले मत टाकले आणि एकूण ३३ स्त्रियांनी मतदान केले. ती मते ग्राह्य धरली गेली नाहीत. मात्र कॅथलिक, कर्मठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातल्या एका खेड्याने हे केले, याची चर्चा देशाबाहेरही झाली. या घडामोडीमागे वकील पेटर फॉन रोटेन यांचा हात होता. त्यांच्या पत्नी इरिस फॉन रोटेन यांनी पुढच्या वर्षी स्विस स्त्रीच्या स्थितीवर परखड ग्रंथ लिहिला. तो इतका झोंबला की बाझेलच्या कार्निव्हलमध्ये त्यांची जाहीर टिंगल झाली आणि मताधिकारवाद्या स्त्रियांनीही त्यांच्यापासून अंतर राखले.

१ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिले राष्ट्रीय सार्वमत झाले. ६६.९ टक्के मते विरोधात पडली. फक्त व्हो, न्यूशातेल आणि जिनिव्हा या फ्रेंचभाषक कँटनांनी होकार दिला. व्होने त्याच दिवशी कँटनपातळीवर मताधिकार देऊनही टाकला. निकालानंतर दोन दिवसांनी बाझेलच्या मुलींच्या शाळेतील शिक्षिकांनी एक दिवसाचा संप केला. पुढे एकेक कँटन वळत गेले, तरी केंद्रात हालचाल नव्हती. मग १९६८ मध्ये सरकारने युरोपीय मानवाधिकार करारावर सही करायचे मनात आणले, पण स्त्री-मताधिकाराबाबत अपवाद राखून! ही चलाखी अंगाशी आली. १ मार्च १९६९ रोजी सुमारे पाच हजार स्त्री-पुरुष बर्नच्या संसद चौकात शिट्ट्या फुंकत जमले. मोर्चाच्या नेत्या एमिली लीबरहेर यांनी तिथे ठणकावून सांगितले की आम्ही याचना करायला नाही, मागणी करायला आलो आहोत. विशेष म्हणजे मोठ्या महिला संघटना या मोर्चापासून दूर राहिल्या. सरकारला दुखवायला नको, असा त्यांचा पवित्रा होता. दोन वर्षांत चित्र पालटले: १९७१ च्या सार्वमतात ६५.७ टक्के पुरुषांनी होकार दिला. बारा वर्षांपूर्वीच्या आकड्यांची जवळजवळ उलटापालट झाली होती.

अपेंझेल इनररोडनचा अध्याय वेगळा सांगावा लागतो. या कँटनमध्ये एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चौकात ‘लँड्सगेमाइंडे’ ही खुली सभा भरते. दोराने आखलेल्या रिंगणात मतदार उभे राहतात, हात वर करतात आणि बहुमत नजरेने ठरवले जाते. पुरुषाच्या कमरेची तलवार हेच त्याचे मतदार-ओळखपत्र. बहुधा ती आजोबा-पणजोबांकडून आलेली. स्त्रिया दोराबाहेर प्रेक्षक म्हणून उभ्या राहत. १९७१ नंतर येथील स्त्रिया देशाच्या निवडणुकीत मत देऊ लागल्या, पण स्वतःच्या कँटनच्या कारभारात नाही. १९७३, १९८२ आणि २९ एप्रिल १९९० अशा तीन सभांनी त्यांना नकार दिला. चौकात जागा पुरणार नाही, परंपरा मोडेल, अशी कारणे दिली जात. थेरेसा रोनर यांच्यासह स्थानिक स्त्रिया संघीय न्यायालयात गेल्या. २७ नोव्हेंबर १९९० रोजी न्यायालयाने एकमताने निर्णय दिला: कँटनच्या घटनेतील मतदारविषयक कलमात स्त्रिया आधीपासूनच समाविष्ट धरल्या पाहिजेत, कारण १९८१ पासून संघराज्य घटनेत स्त्री-पुरुष समानतेचे कलम आहे. एप्रिल १९९१ मध्ये स्त्रिया प्रथमच रिंगणात उतरल्या. पुरुष अजूनही तलवार घेऊन येतात. स्त्रिया मतदानपत्र दाखवतात. चौकात सगळे मावतात.

मताधिकाराने काय बदलले, याचे ठोस उदाहरण विवाहकायद्याचे आहे. जुन्या कायद्यात नवरा कुटुंबप्रमुख होता. घर कुठे करायचे ते तो ठरवी आणि बायकोच्या नोकरीला त्याची संमती लागे. २२ सप्टेंबर १९८५ च्या सार्वमतात ५४.७ टक्के मतांनी नवा कायदा संमत झाला आणि १९८८ पासून लागू झाला. मतदानोत्तर पाहणीत पुरुषांचे बहुमत विरोधात असल्याचे दिसले. म्हणजे स्त्रियांची मते नसती तर तो पडला असता. पहिली स्त्री मंत्री, एलिझाबेथ कोप, त्या सार्वमताच्या आदल्याच वर्षी निवडून आल्या होत्या.

सगळेच प्रश्न मात्र मतपेटीने सुटले नाहीत. समान वेतनाचे कलम दहा वर्षे कागदावरच राहिले, तेव्हा घड्याळ उद्योगातील कामगार स्त्रियांच्या कल्पनेतून १४ जून १९९१ रोजी देशव्यापी संप उभा राहिला आणि त्यात सुमारे पाच लाख स्त्रिया सहभागी झाल्या. मातृत्व विम्याची तरतूद घटनेत १९४५ पासून होती. पण सार्वमतांत तो पुन्हा पुन्हा पडला, शेवटचा १९९९ मध्ये, म्हणजे स्त्रिया मतदार असतानाच. चौदा आठवड्यांची पगारी रजा २००५ च्या जुलैत सुरू झाली.