मिया हॅम गेली, त्यानंतर : गोल करणारी खेळाडू पदवी घेऊन निघते तेव्हा कॉलेजचे संघ काय करतात

ऑक्टोबरच्या अखेरीस अमेरिकेतल्या कॉलेजांच्या सॉकर मैदानांवर (सॉकर म्हणजे आपला फुटबॉलच) एक छोटा समारंभ होतो. त्याला ‘सिनियर डे’ म्हणतात. शेवटच्या वर्षाच्या मुली आईवडिलांबरोबर मैदानाच्या मध्यापर्यंत चालत येतात. हातात फुलांचा गुच्छ असतो, काचेच्या चौकटीत बसवलेली स्वतःची जर्सी असते, एक फोटो निघतो. आया डोळे पुसतात. थोड्याच वेळात शिट्टी वाजते आणि त्याच मुली धावायला लागतात. स्टँडमधले जाणकार टाळ्या वाजवत असतात, पण मनात हिशेब वेगळाच चालू असतो. नऊ नंबरची चालली. पुढच्या वर्षी हिचे गोल कोण मारणार?

व्यावसायिक क्लबला हा प्रश्न पैशाने सोडवता येतो. एक स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारा खेळाडू, गेला, दुसरा विकत घेतला. कॉलेजला ही सोय नव्हती. नियम साधा होता: पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम, मग रजा. मुलगी ज्या दिवशी पहिल्यांदा वसतिगृहात सामान टाकते, त्याच दिवशी तिच्या जाण्याचं वर्ष ठरलेलं असतं. खेळात अशी हानी दुसरी नाही. दुखापत सांगून येत नाही, फॉर्म सांगून जात नाही, पण पदवीदान चार वर्षं आधी कॅलेंडरवर दिसतं. तरीही दरवर्षी कितीतरी संघ त्याला धक्का म्हणून सामोरे जातात, आणि मला या विषयाचं कुतूहल वाटतं ते यासाठीच.

वेळही फार थोडा मिळतो. हंगाम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला संपतो. जेमतेम वीस-पंचवीस सामने. नवी मुलगी ऑगस्टमध्ये येते आणि दोन-तीन आठवड्यांत तिला जुन्या स्ट्रायकरच्या जागी उभं राहावं लागतं. म्हणून खरी बदली वसंतात घडवली जाते. तेव्हा स्पर्धा नसते, मोजकेच सराव सामने असतात, आणि निघालेल्या मुली पदवीच्या तयारीत असल्यामुळे मैदानावर त्यांची जागा आपसूक रिकामी झालेली असते.

या सगळ्याचा इतिहास बघायचा तर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडे जावं लागतं, चॅपल हिल नावाच्या गावात. तिथल्या महिला संघाचा प्रशिक्षक अ‍ॅन्सन डोरन्स. हा माणूस १९५१ साली मुंबईत जन्मला. वडील तेल कंपनीत अधिकारी होते. बदल्यांमुळे बालपण देशोदेशी गेलं. मुंबईशी संबंध तेवढाच, पण अमेरिकेच्या महिला फुटबॉलचा पाया घालणाऱ्याच्या जन्मस्थानाच्या रकान्यात आपलं शहर आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ मध्ये आला, आणि १९७९ मध्ये डोरन्सने चॅपल हिलमध्ये मुलींचा संघ उभा केला. कॉलेजांमधले खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेने महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली १९८२ मध्ये, बारा संघांची. ती नॉर्थ कॅरोलायनाने जिंकली.

सुरुवातीच्या यशात लवकर दुकान उघडल्याचा फायदा होता, हे मान्य केलं पाहिजे. इतर कॉलेजांत संघच नव्हते, तेव्हा देशातल्या उत्तम मुली चॅपल हिलला येत. पण नुसत्या भरतीने १९८६ ते १९९४ अशी सलग नऊ विजेतेपदं मिळत नाहीत. नऊ वर्षांत संघ दोनदा पुरता बदलतो. १९८६ च्या संघातली एकही मुलगी १९९४ मध्ये असणं शक्य नव्हतं.

या नऊ वर्षांच्या मधोमध स्ट्रायकर मिया हॅम आली. १९८९ ते १९९३ या काळात तिने १०३ गोल केले आणि ७२ गोलांना पास दिले. ९५ सामन्यांत ती फक्त एकदा हरली. तिचा शेवटचा सामना १९९३ ची अंतिम लढत, चॅपल हिलच्याच मैदानावर, जॉर्ज मेसन विद्यापीठाविरुद्ध ६-०. पुढे विद्यापीठाने तिचा १९ नंबर कायमचा बाजूला ठेवला. अशी खेळाडू गेल्यावर संघ दोन-तीन वर्षं चाचपडला असता, तर कुणी नाव ठेवलं नसतं.

तिच्या आकड्यांत एक गोष्ट मात्र नीट बघण्यासारखी आहे. १९९२ हा तिचा सर्वांत मोठा हंगाम. त्या वर्षी तिचे गोल ३२, आणि गोलाचे पास ३३. देशातली सर्वांत धोकादायक स्ट्रायकर स्वतःच्या गोलांपेक्षा एक जास्त गोल दुसरीला मिळवून देत होती. म्हणजे ती असतानाच तिच्या आजूबाजूच्या मुलींना जाळं सापडायची सवय लागत होती. ती गेल्यावर गोलांचा घडा रिकामा झाला नाही, कारण तो एकटीच्या डोक्यावर कधी ठेवलेलाच नव्हता.

रंगीत तालीमही झाली होती. १९९१ च्या नोव्हेंबरात चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला आणि त्यासाठी मियाने कॉलेजचा हंगाम सोडला. याला ‘रेडशर्ट’ म्हणतात: वर्ष वाया जात नाही, हंगाम पुढे ढकलला जातो. ती नसताना नॉर्थ कॅरोलायनाने अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनला ३-१ असं हरवलं. (राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षकही डोरन्सच होता, आणि तो विश्वचषक अमेरिकेने जिंकला.) दोन वर्षांनी काय होणार याचा नमुना संघाने आधीच जगून घेतला होता.

तरी १९९४ सोपं गेलं नाही. ऑक्टोबरात नोट्र डेम विद्यापीठाने ०-० अशी बरोबरी साधली आणि सलग ९२ विजयांची मालिका तुटली. त्याच महिन्यात शेजारच्या ड्यूक विद्यापीठाने ३-२ असं हरवलं, आणि १०१ सामन्यांची अपराजित वाटचाल थांबली. मिया असताना ज्या सामन्यांचा निकाल गृहीत धरला जायचा, ते आता हातातून निसटू शकत होते. पण त्या हंगामातला पराभव तो एकच. अंतिम सामन्यात पुन्हा नोट्र डेम समोर आलं आणि या वेळी निकाल होता ५-०. त्या वर्षीची हर्मन ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, नॉर्थ कॅरोलायनाच्याच टिशा व्हेंचुरिनीला मिळाली. आधीची दोन वर्षं तो मियाकडे होता. टिशा मिडफिल्डर होती, म्हणजे मधल्या फळीतली. मियाची जागा तिच्यासारख्या दुसऱ्या स्ट्रायकरने भरली असं झालंच नाही, भार मागच्या ओळीनेही उचलला.

हे कसं साधलं, याचं उत्तर सरावात आहे. त्याच विद्यापीठात डीन स्मिथ बास्केटबॉल शिकवत. त्यांच्या सरावात प्रत्येक गोष्टीची नोंद होते, हे डोरन्सने पाहिलं आणि ते उचललं. मुलींच्या सरावात वह्या घेतलेले सहायक उभे राहू लागले. एकास एक लढतीत कोण जिंकलं, हेडर कुणी जिंकले, कुणी किती फटके गोलात घातले, पळण्यात कोण कितवी आली, सगळं लिहून काढायचं, क्रम लावायचा आणि यादी सगळ्यांना दिसेल अशी लावायची. याला ते ‘कॉम्पिटिटिव्ह कॉल्ड्रन’ म्हणत. आपल्या भाषेत भट्टीच. पहिल्या वर्षाची मुलगी यादीसमोर उभी राहून बोट खाली सरकवते आणि स्वतःचं नाव शोधते. ते खूप खाली असतं. वर ज्या सिनियरचं नाव आहे, तिच्याशी तिला उद्या पुन्हा एकास एक खेळायचं असतं. वर्षभर देशातल्या सर्वोत्तम स्ट्रायकरला अडवण्याचा प्रयत्न करून दमलेल्या मुलीला पुढच्या वर्षी समोर येणारी बचावपटू नवीन वाटत नाही.

दुसरं कारण खेळाच्या मांडणीत होतं. डोरन्सचा संघ ३-४-३ खेळायचा, तीन जणी बचावाला, चार मध्ये, तीन पुढे, आणि चेंडू हरवला की तिथेच तुटून पडायचं. हे नव्वद मिनिटं एकीला झेपत नाही. पण कॉलेजच्या सामन्यांत बदली खेळाडूंचे नियम सैल आहेत; बाहेर गेलेली खेळाडू दुसऱ्या सत्रात परतही येऊ शकते. त्यामुळे पुढची फळी आलटून पालटून उतरवता यायची. बाकावरच्या मुलींना खऱ्या सामन्यांची मिनिटं मिळायची, आणि वसंत येईपर्यंत ‘पुढची कोण’ हा प्रश्न अर्धा सुटलेला असायचा.

यात चटकेही होते. १९९५ मध्ये पहिल्या वर्षाची सिंडी पार्लो पुढच्या फळीत आली. उपांत्य फेरीत, घरच्या मैदानावर, पुन्हा नोट्र डेम. प्रतिस्पर्ध्यांच्या फ्री किकवर बचावाला मागे आलेल्या पार्लोच्या डोक्याला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. सामना ०-१. नऊ वर्षांची साखळी तुटली. वर्षाच्या सगळ्या कामगिरीतला तोच क्षण लोकांच्या लक्षात राहणार, हे सतरा वर्षांच्या एका मुलीला किती जड गेलं असेल! संघाने तिला पुढेच ठेवलं. १९९६ आणि १९९७ ची विजेतेपदं आली, १९९७ आणि १९९८ ची हर्मन ट्रॉफी तिलाच मिळाली, आणि २०२० मध्ये ती अमेरिकेच्या सॉकर महासंघाची अध्यक्ष झाली.

उलट उदाहरण पोर्टलंड विद्यापीठाचं. कॅनडाची क्रिस्टीन सिंक्लेअर तिथे खेळली, एकूण ११० गोल. २००५ च्या शेवटच्या हंगामात तर तिने ३९ मारले, तो एका हंगामाचा विक्रम ठरला. अंतिम सामन्यात यूसीएलएविरुद्ध ४-० असा विजय मिळाला. तिच्या संघातलं ते दुसरं विजेतेपद, पहिलं २००२ मधलं. ती गेल्यावर आघाडीची सूत्रं जिच्याकडे यायची, ती मेगन रॅपिनो २००६ च्या हंगामातच गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसली. पोर्टलंड पुढेही काही वर्षं चांगलं खेळत राहिलं, पण तिसरं विजेतेपद आजवर आलेलं नाही. प्रशिक्षकांना मी दोष देणार नाही. छोट्या विद्यापीठाला सिंक्लेअर मिळाली तर चेंडू तिच्याकडेच जाणार. पण एकीच्या ३९ गोलांची सवय झालेल्या संघाला ते गोल चौघींत वाटून घ्यायला शिकायला वेळ लागतो, आणि कॉलेजच्या हंगामात तेवढा वेळ नसतो.

मुलांच्या बाजूला व्हर्जिनियाची गोष्ट नॉर्थ कॅरोलायनाशी जुळते. ब्रूस अरीना यांच्या संघाने १९९१ ते १९९३ तीन विजेतेपदं घेतली. क्लॉडिओ रेयना हा त्यांचा कणा, आणि तो एक वर्ष शिल्लक असताना जर्मनीत बायर लेव्हरकुसेनकडे गेला. १९९४ मध्ये व्हर्जिनियाने त्याच्याशिवाय इंडियानाला १-० हरवून सलग चौथं विजेतेपद घेतलं.

रेयनाचं जाणं हे पुढच्या काळाचं चिन्ह होतं. चार वर्षांचा हिशेब तिथून ढासळायला लागला. महिलांच्या बाजूने त्याचा सर्वांत मोठा फटका बसला स्टॅनफर्डला. २०१९ च्या संघात कॅटरिना मकारिओ होती, त्या हंगामात ३२ गोल, आणि जोडीला सोफिया स्मिथ. अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध ०-० नंतर पेनल्टींवर ५-४ असा विजय. महिनाभरात स्मिथ व्यावसायिक लीगमध्ये गेली. पुढचा हंगाम कोविडच्या साथीमुळे २०२१ च्या वसंतात ढकलला गेला, आणि तो सुरू होण्याच्या तोंडावर मकारिओ फ्रान्समध्ये लिओं क्लबकडे गेली. दोन दशकांहून अधिक काळात पहिल्यांदाच स्टॅनफर्डला राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली नाही. त्या वेळी दुखापतीही होत्या, साथीचे निर्बंधही होते, पण मुख्य फरक तारखेचा होता. पदवीदानाची तारीख माहीत असते. व्यावसायिक कराराचा फोन कधी येईल, ते माहीत नसतं.

त्याच सुमारास दुसरं दारही उघडलं. २०१८ मध्ये ‘ट्रान्स्फर पोर्टल’ आलं आणि काही वर्षांत वाया जाणाऱ्या हंगामाची भीती न बाळगता मुलींना कॉलेज बदलता येऊ लागलं. आता गेलेल्या स्ट्रायकरच्या जागी दुसऱ्या कॉलेजातली तयार, तिसऱ्या वर्षाची स्ट्रायकर आणता येते. प्रशिक्षकांना हा दिलासा आहे. मात्र जिला तुम्ही दोन वर्षं बाकावर घडवलं, ती तिची वेळ यायच्या आधी तशीच निघून जाऊ शकते. डोरन्सच्या भट्टीला मुली थांबायला हव्या होत्या. यादीत खाली नाव असलेली मुलगी आज थांबेलच याची खात्री नाही, आणि माझ्या मते या बदलात सर्वांत जास्त नुकसान या हळूहळू घडण्याचं झालं.

नॉर्थ कॅरोलायनालाही हे भोगावं लागलं. २०२३ च्या उपांत्यपूर्व फेरीत ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्ध ३-० अशी आघाडी घेऊन संघ ३-४ हरला. हिवाळ्यात अ‍ॅली सेंटनर व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिली, आणि अठरा वर्षांची सॅव्ही किंग दुसरी निवडली गेली, इतरही गेल्या. मग ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगाम काही दिवसांवर असताना, ७३ वर्षांच्या डोरन्सने निवृत्ती जाहीर केली. पंचेचाळीस हंगामांत पहिल्यांदाच जाणाऱ्यांच्या यादीत खुद्द प्रशिक्षकाचं नाव होतं. त्याचा सहायक डेमन नहास हंगामी म्हणून उभा राहिला.

त्या वर्षी केट फासेने २० गोल केले आणि हर्मन ट्रॉफी मिळवली. अंतिम सामना डिसेंबरात कॅरी इथे झाला, चॅपल हिलपासून गाडीने अर्ध्या तासावर. या गावात मराठी कुटुंबंही बरीच आहेत. समोर वेक फॉरेस्ट. फासेचा गोल झाला नाही. सामन्यातला एकमेव गोल ऑलिव्हिया थॉमसने केला, आणि तो नॉर्थ कॅरोलायनाला एनसीएएचं बाविसावं विजेतेपद देऊन गेला.