फिस्कल स्पॉन्सरकडे जाताना अर्ज नेमका कुठे अडतो

अमेरिकेत सेवाभावी उपक्रम चालवायचा आहे, पण संस्था नोंदवून करसवलतीचा दर्जा मिळवायचा व्याप नको, अशांसाठी फिस्कल स्पॉन्सरची सोय आहे. ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्थेचा, दर्जा असलेली एखादी संस्था तुमचा उपक्रम आपल्या छत्राखाली घेते. देणग्या तिच्या नावावर जमा होतात, देणगीदाराला करवजावट मागता येते, आणि या कामासाठी जमा रकमेचे काही टक्के, बहुधा पाच ते दहा, ती संस्था ठेवून घेते. ऐकायला इतकं सोपं आहे की लोक रविवारी संध्याकाळी बसून अर्ज भरतात आणि नकार आला की चक्रावतात.

नकाराचं पहिलं कारण अर्जातल्या एका वाक्यात असतं. ‘आमच्याकडे पैसे आहेत, ते फक्त तुमच्या खात्यातून यावेत एवढीच अपेक्षा’ अशा अर्थाचं काहीही लिहिलंत की अर्ज तिथेच संपला. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, १९६८ मध्येच स्पष्ट केलं आहे की करमुक्त नसलेल्या कामाला पैसे द्यायचे तर त्या पैशांवरचा ताबा आणि निर्णय देणाऱ्या संस्थेकडेच राहिला पाहिजे, आणि ते योग्य कामाला लागले याची नोंदही तिनेच ठेवली पाहिजे. थोडक्यात, तिथे पडलेला पैसा कायद्याने तुमचा नसतो. हे अनेकांच्या पचनी पडत नाही. पडत नसेल तर अर्ज करू नका. पुढे प्रत्येक बिलावर भांडण होईल.

दुसरा घोळ स्पॉन्सरशिपच्या प्रकाराचा. मॉडेल ए म्हणतात त्या प्रकारात उपक्रम स्पॉन्सर संस्थेचाच एक भाग होतो: कर्मचारी तिचे, करार तिच्या सहीचे. मॉडेल सी मध्ये तुमची संस्था वेगळी राहते आणि स्पॉन्सर तिला अनुदान देतो. तुमचा हिशेब, तुमचं कर विवरणपत्र तुम्हीच भरायचं. राज्यात नॉनप्रॉफिट कॉर्पोरेशन नोंदवून झालेली मंडळी मॉडेल ए देणाऱ्या संस्थेकडे अर्ज करतात आणि ‘तुमची स्वतंत्र संस्था आहे’ म्हणून परत येतात. अर्जाआधी समोरची संस्था कोणता प्रकार देते एवढं विचारायला एक ईमेल पुरतो.

अशी कॉर्पोरेशन आधीच काढली असेल तर एक मुदत नीट वाचा. ज्या महिन्यात ती स्थापन झाली त्या महिन्याच्या अखेरीपासून २७ महिन्यांच्या आत फॉर्म १०२३, म्हणजे करमुक्तीचा अर्ज, भरला, तर मिळालेला दर्जा स्थापनेच्या तारखेपासून धरला जातो. लोक या २७ महिन्यांचा अर्थ ‘तोवर आपण करमुक्तच आहोत’ असा लावून पावत्या फाडतात. तसं नाही. आणि वार्षिक जमा ५०,००० डॉलरच्या आत राहणार असेल व एकूण मालमत्ता अडीच लाख डॉलरच्या आत असेल, तर २७५ डॉलर शुल्काचा छोटा फॉर्म १०२३-ईझी चालू शकतो. कित्येक छोट्या उपक्रमांना स्पॉन्सरची गरजच नसते, हे त्यांना कुणी सांगत नाही.

कागदपत्रांत उद्दिष्टाचा परिच्छेद, पत्ते, फोन वगैरे सगळ्यांकडे असतं. नसतं ते वर्षभराचं अंदाजपत्रक. ‘जसे पैसे येतील तसं करू’ हे अंदाजपत्रक नव्हे. पान एकच असू द्या, पण त्यात पैसे कुठून येतील, त्यातले कबूल किती, आशेवरचे किती, आणि स्पॉन्सरचं शुल्क वजा केल्यावर काय उरतं हे दिसलं पाहिजे. ते शुल्क मांडायला दहापैकी नऊ जण विसरतात. दुसरा नसलेला कागद म्हणजे सल्लागार समितीची यादी. एकट्याच्या जिवावर चाललेला उपक्रम घ्यायला स्पॉन्सर कचरतात. तुम्ही आजारी पडलात तर कुणाला फोन करायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

तुम्हीही त्यांना तपासा, इथे भिडेला जागा नाही. आयआरएसच्या शोधयादीत संस्थेचं नाव पाहा; सलग तीन वर्षं विवरणपत्र न भरल्यास दर्जा आपोआप जातो. मग तिचा फॉर्म ९९०, म्हणजे हेच वार्षिक विवरणपत्र, काढा, तो जाहीर कागद आहे. त्याच्या दहाव्या भागात ताळेबंद असतो. २८ व्या ओळीत देणगीदारांनी ठरावीक कामासाठी दिलेली शिल्लक असते, २७ व्या ओळीत संस्थेची स्वतःची. ही २७ वी ओळ उणे असेल तर उपक्रमांच्या पैशांवर संस्थेचं घर चाललंय का, हे थेट विचारा. ही भीती पोकळ नाही. कॅलिफोर्नियातलं इंटरनॅशनल ह्युमॅनिटीज सेंटर हे फिस्कल स्पॉन्सर २०१२ मध्ये कोसळलं, तेव्हा कितीतरी उपक्रमांना आपले पैसे जागेवर नसल्याचं कळलं.

करारात बाहेर पडण्याचं कलम सगळ्यात आधी वाचा. उरलेला पैसा तुमच्या हातात कधीच मिळणार नाही; तो दुसऱ्या ५०१(सी)(३) संस्थेकडेच जाऊ शकतो. पण किती दिवसांत, आणि उपक्रमाचं नाव, संकेतस्थळ, देणगीदारांची यादी कुणाची, हे लिहिलेलं नसेल तर सही करण्याआधी लिहून घ्या. सही झाल्यावर हे मागणाऱ्यांकडे मी फक्त सहानुभूतीने पाहू शकते.

भारतात पैसे पाठवायचे असतील तर आणखी एक अडसर आहे. गावच्या शाळेच्या नावाने अमेरिकेत जमवलेला निधी भारतातली संस्था एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेऊ शकत नाही, तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती संस्था तो पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. ‘ओळखीच्या ट्रस्टमार्फत पाठवू’ हा मार्ग बंद आहे.

आता स्पॉन्सर बदलण्याविषयी. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन या फिस्कल स्पॉन्सरने फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद होत असल्याचं कळवलं. विसर्जन ३१ डिसेंबरला होतं, पण देणग्या घेणं १५ मार्चलाच थांबणार होतं आणि खर्च करायची मुदत ३० सप्टेंबरला संपत होती. अशा पत्रात डोळा शेवटच्या तारखेवर जातो. तुमची तारीख पहिली असते.

स्वतःहून बदलत असाल तर नव्याशी करार झाल्याशिवाय जुन्याला नोटीस देऊ नका. मधल्या काळात येणारी देणगी घ्यायला कुणीच नसतं. एखाद्या अनुदान देणाऱ्या फाउंडेशनचं अनुदान जुन्या स्पॉन्सरच्या नावावर मंजूर झालेलं असतं, म्हणून ते हलवायला देणाऱ्याची लेखी संमती लागते. ती मिळायला वेळ लागतो, तेव्हा पहिलं पत्र तेच पाठवा. दरमहा देणगी देणाऱ्यांची कार्डं बहुतेक वेळा नव्या खात्यावर आपोआप येत नाहीत. प्रत्येकाला नवा दुवा पाठवून पुन्हा नाव नोंदवायला सांगावं लागतं, आणि त्यात काही जण गळतात. मॉडेल ए मधल्या कर्मचाऱ्यांची नोकरीच बदलते, त्यामुळे आरोग्य विम्यात एका दिवसाचीही फट पडू नये म्हणून दोन्हीकडच्या तारखा जुळवा.

राहता राहिल्या पावत्या. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीची वजावट घ्यायची तर देणगीदाराकडे लेखी पोच हवी, आणि ती देणगी ज्याने स्वीकारली त्या स्पॉन्सरनेच द्यायची असते, नव्याने नव्हे. जुनं कार्यालय बंद पडायच्या आत त्या वर्षाच्या सगळ्या पोचपावत्या निघाल्या का ते नावनिशीवार तपासून घ्या. एप्रिलमध्ये, कर विवरणपत्रं भरताना, देणगीदारांचे फोन येतील, आणि तेव्हा तिकडे उचलणारं कुणी नसेल.