कल्पित वीज, खरं बिल

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींचा कारखाना चालवणारे एक अण्णा आहेत. मी गणित शिकवायचो हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे भेटले की काहीतरी काढतातच. मागच्या उन्हाळ्यात वायरमन त्यांना सांगून गेला होता की पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी खऱ्या कामाला लागणारा वाटा) पडलाय, कपॅसिटर बदला, नाहीतर बिल असंच चढत राहणार. मुलगा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करतोय. त्याच्या वहीत डोकावलं तर विजेचे दोन भाग लिहिलेले, एक 'रिअल' आणि दुसरा 'इमॅजिनरी'. अण्णांनी मला धरलंच. "सर, वीज काल्पनिक आहे म्हणायलेत, मग पैसे खरे कसे काय घ्यायलेत?"

मी हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. युरोपातले भलेभले गणिती दोन-अडीचशे वर्षं याच जागी अडून बसले होते. त्यांच्यापुढे वीजबिल नव्हतं, एवढाच फरक.

अडचण शाळेतलीच आहे. ३ गुणिले ३ नऊ, आणि −३ गुणिले −३ सुद्धा नऊ. कुठल्याही संख्येचा वर्ग ऋण येत नाही. मग −९ चं वर्गमूळ काय? या प्रश्नाला पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत हात घालणाऱ्यांत महावीराचार्यांचं नाव येतं. नवव्या शतकातले हे जैन गणिती, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातले. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे सोलापूरहून कलबुर्गी ओलांडल्यावर पुढे लागणारं आजचं मळखेड. महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त म्हटलंय की ऋण संख्या स्वभावतःच वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही. या ग्रंथाची हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ साली आपल्या सोलापुरातूनच निघाली, जैन संस्कृति संरक्षक संघाने काढलेली. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांना त्या वर्गमुळापेक्षा या बातमीचंच जास्त अप्रूप वाटलं.

महावीराचार्य चुकले, असं म्हणायची घाई करू नका. त्यांच्याजवळ ज्या संख्या होत्या, त्यांच्यापुरतं हे विधान आजही शंभर टक्के खरं आहे. हे लक्षात असू द्या, पुढे त्याचं काम पडणार आहे.

१५४५ साली इटलीत कार्दानो नावाच्या गणित्याने एक गणित घातलं: १० चे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार ४० येईल. कितीही झटापट करा, ५ आणि ५ चा गुणाकार २५, त्याच्या वर जाताच येत नाही. पण सूत्र चालवलं तर ५ + √−१५ आणि ५ − √−१५ ही उत्तरं पडतात. कार्दानोने ती लिहिली आणि निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवली. इथवर टाळता येत होतं, कारण ज्या प्रश्नाला उत्तरच नाही त्याचं उत्तर विचित्र आलं तर कुणाचं काय बिघडतं?

खरी पंचाईत झाली ती १५७२ साली, बोम्बेलीच्या पुस्तकात. समीकरण असं: क्ष³ = १५क्ष + ४. यात क्ष = ४ घालून बघा. डावीकडे ६४, उजवीकडे ६० अधिक ४. उत्तर चोख आहे, कुणी नाकारू शकत नाही. पण घनसमीकरणाचं सूत्र लावलं तर वाटेत √−१२१ लागतो. बोम्बेलीने धीर करून ऋण संख्येच्या मुळांची बेरीज-गुणाकार नेहमीच्या नियमांनी चालू ठेवली. त्याला सूत्रातली दोन घनमुळं २ + √−१ आणि २ − √−१ अशी सापडली. दोन्ही मिळवली, नको असलेला तुकडा आपोआप उडाला आणि हातात ४ उरले. निघालो वास्तव, म्हणजे नेहमीच्या, संख्यांतून, पोचलो वास्तव संख्येवर, आणि मधला रस्ता मात्र नकाशातच नाही! पुढे देकार्तने १६३७ मध्ये या मुळांना 'काल्पनिक' म्हटलं, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. ऑयलरने √−१ ला 'आय' हे चिन्ह दिलं. माझं मत विचाराल तर देकार्तच्या त्या एका शब्दाने विद्यार्थ्यांचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्याही अवघड प्रमेयाने केलं नसेल.

ही कोंडी फुटली ती प्रश्न बदलल्यामुळे. 'हे आहे का' असं विचारणं सोडून 'याच्याशी काय काय करता येतं' असं विचारायला गणितज्ञ शिकले. त्यासाठी अण्णांच्या टेबलावरची लांबडी वही उघडू.

त्यात प्रत्येक गिऱ्हाइकापुढे दोन आकडे असतात: टॉवेल किती, चादरी किती. एकाची ऑर्डर (२००, ५०), दुसऱ्याची (१२०, ३०). मिळवायच्या तर टॉवेलात टॉवेल, चादरीत चादरी: (३२०, ८०). दिवाळीला पहिल्याने तिप्पट मागितलं तर (६००, १५०). माल माघारी आला तर (−२०, ०). काहीच नसेल तर (०, ०). अशा वस्तूंचा समूह, ज्यात बेरीज करता येते, संख्येने पट करता येते आणि ही दोन्ही कामं आपल्या ओळखीच्या नियमांनी चालतात, त्याला बीजगणितात सदिश अवकाश म्हणतात. नाव ऐकून बाण आणि आकाश डोळ्यांपुढे येतं, शाळेत आपण बाणच काढलेले असतात. पण सदिश म्हणजे बाणच असला पाहिजे अशी अट कुठेही नाही.

एक बारीक अट मात्र आहे. पट करणाऱ्या संख्या अशा समूहातल्या हव्यात, जिथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्य सोडून कशानेही भागाकार करता येतो. अशा समूहाला क्षेत्र म्हणतात. अपूर्णांक धरले तर क्षेत्र होतं, नुसते पूर्णांक घेतले तर होत नाही, कारण १ ला २ ने भागलं की पूर्णांक संपले. म्हणजे वहीला काटेकोरपणे सदिश अवकाश म्हणायचं तर अण्णांना अर्धी चादरही विकावी लागेल. हे ऐकल्यावर त्यांनी चहा मागवला.

वहीतली कुठलीही ऑर्डर 'एक टॉवेल' आणि 'एक चादर' या दोघांतून उभी राहते. पण याच जोडीचा आग्रह नको. 'दोन टॉवेल एक चादर' असा एक सेट आणि 'एक टॉवेल एक चादर' असा दुसरा सेट धरला, तरी वजाबाकीची मुभा असेल तर सगळा हिशोब बसतो. एकाच सेटने मात्र भागत नाही, आणि तिसरा सेट आणलात तर तो आधीच्या दोहोंतून निघतोच. निवड कशीही करा, आकडा दोनवरच थांबतो. हा आकडा म्हणजे त्या अवकाशाची मिती. या सगळ्याचा पाया जर्मनीतल्या ग्रासमान नावाच्या शाळामास्तराने १८४४ साली घातला. पुस्तक खपलं नाही, बऱ्याचशा प्रती रद्दीत गेल्या. नियमांची नेटकी यादी १८८८ मध्ये पेआनोने केली. मास्तर असल्यामुळे माझा कल ग्रासमानकडे आहे, हे कबूल करतो.

आता प्रश्न असा: दोन ऑर्डरींचा गुणाकार कसा करायचा? टॉवेल गुणिले चादर म्हणजे काय? काहीच नाही. सदिश अवकाशात ती सोयच नसते. १८३३ साली आयरिश अकादमीपुढे हॅमिल्टन या गणितज्ञाने संमिश्र संख्या (५ + √−१५ सारख्या, वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असलेल्या) म्हणजे नुसत्या जोड्या, असं मांडलं, आणि जोड्यांना गुणाकाराचा एक नियम दिला:

(अ, ब) × (क, ड) = (अ×क − ब×ड, अ×ड + ब×क)

यात (०, १) ला स्वतःशी गुणा. (−१, ०) येतं. गूढ असं काही उरलं नाही. आय म्हणजे (०, १) ही जोडी, बस्स.

फक्त तो नियम वरून टपकल्यासारखा वाटतो. तो कुठून आला हे बघायला घड्याळ घ्या. १५ वाजले म्हणजे ३ वाजले, कारण आपण १२ ने भागून बाकी तेवढी ठेवतो. तेच बहुपदींना, म्हणजे क्ष² + १ सारख्या राशींना, करा. क्ष² + १ ने भागा आणि बाकी ठेवा. क्ष² ला भागलं तर भाग १ चा लागतो, बाकी −१. म्हणजे या हिशोबात क्ष² आणि −१ एकच. बाकी कायम अ + बक्ष अशीच राहणार, दोन आकड्यांची, थेट अण्णांच्या वहीसारखी. आता (अ + बक्ष) ला (क + डक्ष) ने गुणा, क्ष² दिसेल तिथे −१ लिहा, हॅमिल्टनचा नियम जसाच्या तसा समोर येतो. ही वाट कोशी या फ्रेंच गणितज्ञाने १८४७ मध्ये दाखवली.

पण क्ष² + १ च का? क्ष² − १ घेऊन बघा. (क्ष − १) आणि (क्ष + १) यांचा गुणाकार क्ष² − १, म्हणजे बाकी शून्य. दोन्ही शून्य नसताना गुणाकार शून्य! अशा ठिकाणी भागाकार बंद पडतो. क्ष² + १ चे वास्तव संख्यांत अवयवच पडत नाहीत, म्हणून तिथे शून्य सोडून प्रत्येक बाकीने भागता येतं आणि पक्कं क्षेत्र तयार होतं. अवयव का पडत नाहीत? कारण −१ ला वास्तव संख्यांत वर्गमूळ नाही. म्हणजे महावीराचार्यांचं विधान खरं आहे म्हणूनच ही नवी व्यवस्था उभी राहते. ते खोटं असतं तर संमिश्र संख्या कोसळल्या असत्या.

याची किंमतही मोजावी लागते. या संख्यांत लहान-मोठं राहत नाही. आय धन मानला तर त्याचा वर्ग धन हवा, ऋण मानला तरी वर्ग धनच हवा, आणि वर्ग तर −१ आहे. पुढे हॅमिल्टनने तीन आकड्यांच्या त्रिकुटांना असाच गुणाकार मिळावा म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली. जमलं नाही, जमणारच नव्हतं. १८४३ मध्ये चार आकड्यांवर जमलं, पण तिथे उलट क्रमाने गुणलं तर उत्तर बदलतं.

चित्रात बघायचं तर जोडीला कागदावरचा बिंदू माना. −१ ने गुणणं म्हणजे तोंड उलट दिशेला फिरवणं. आयने गुणणं म्हणजे त्याच्या निम्मं, डावीकडे काटकोनात वळणं. दोनदा वळलात की पाठमोरे. ही दृष्टी १७९७ साली वेसेल नावाच्या जमिनीची मोजणी करणाऱ्या माणसाने मांडली.

आणि आता बिल. विजेचा दाब आणि प्रवाह दोन्ही सेकंदाला ५० वेळा हेलकावतात. मोटरीत प्रवाह दाबाच्या थोडा मागे रेंगाळतो, म्हणजे दोघांत कोन पडतो. कोन आला की फिरणं आलं, आणि फिरण्याचा हिशोब संमिश्र संख्यांत सगळ्यात सोपा. १८९३ मध्ये शिकागोच्या वीज परिषदेत स्टाइनमेट्झने हीच पद्धत इंजिनिअरांपुढे ठेवली. (इंजिनिअर मंडळी आयऐवजी जे लिहितात, कारण आय त्यांनी प्रवाहाला देऊन टाकलाय.) समजा कारखान्याची मागणी ३ + ४ आय आहे. ३ किलोवॉट माग फिरवतात. ४ चा भाग मोटरीतलं चुंबकत्व उभं करायला येतो आणि परत जातो, नुसते हेलपाटे. पण हेलपाटे घालायलाही तार लागतेच. ३ आणि ४ चा कर्ण ५, तेवढ्या ५ केव्हीएचं ओझं तारेवर पडतं, आणि पॉवर फॅक्टर ३ भागिले ५, म्हणजे ०.६. कपॅसिटर म्हणजे −४ आय. तो मोटरीशेजारी बसवला की हेलपाटे कारखान्यातल्या कारखान्यात होतात आणि बाहेरच्या तारेवर उरतात फक्त ३. "म्हणजे काल्पनिक भाग म्हणजे आडवा भाग म्हणा की," अण्णा म्हणाले. देकार्तपेक्षा हे नाव बरं आहे.

तीन फेजही असेच. आर, वाय, बी हे १२० अंशांवर उभे असलेले तीन बिंदू, प्रत्येकाचा घन १, आणि तिघांची बेरीज शून्य. म्हणून भार सारखा असेल तर न्यूट्रलमधून काही वाहत नाही. मोटर उलटी फिरायला लागली तर वायरमन कुठल्याही दोन फेजच्या तारा अदलाबदल करतो. वाय आणि बी बदलले की बीजगणितात आयच्या जागी −आय लिहिल्यासारखं होतं. −आयचा वर्गही −१ च. सगळीकडे आय आणि −आय यांची अदलाबदल करा, एकही नियम मोडत नाही. खरा कुठला, हे बीजगणिताला सांगताच येत नाही.

वायरमन स्टुलावर चढून पॅनेलमध्ये काहीतरी पिळत होता. अण्णांनी त्यालाच विचारलं, "मग दोघांतला खरा कुठला रे?"

"माग सुलटा फिरवतो तो," तो वरूनच म्हणाला.